पन्नी घातलेली विहीर

मी भूजलाचं शिक्षण घेतलंय हे कळलं की शहरातली माणसं लगेच आपल्या बोअरचं रडगाणं सुरू करतात. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, रिक्षात, कुठंही. "मॅडम, आमच्या प्लॉटमध्ये कुठं मारला तर लागेल?" मी सांगते, तुमच्या गल्लीत एवढे बोअर झालेत की आता कुठंच मारू नका. मग त्यांचा चेहरा पडतो आणि ते हातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याला बोलावतात. मी त्या पाणाड्यावर रागावत नाही. तो निदान कुणाचं पाणी बंद करत नाही. आमच्या शास्त्रानं माझ्या सख्ख्या आत्याचं पाणी बंद केलं, आणि तेही माप अगदी बरोबर असताना.

आत्या फुलंब्री तालुक्यातल्या एका गावी राहायची. गावात म्हणजे गावाखालच्या आमच्या वस्तीत. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, म्हणून ती माहेरीच परत येऊन राहिली. दोन शेळ्या, पत्र्याची खोली, दाराशी शेवग्याचं झाड आणि दारापासून हाकेच्या अंतरावर वस्तीची विहीर. माझे वडील नोकरीसाठी शहरात आले. आम्ही भावंडं इथंच वाढलो, पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की मला आत्याकडे सोडायचे आणि मला ते फार आवडायचं.

ती विहीर आमच्या आजोबांच्या पिढीनं खणली. गावात आधीपासून विहीर होती, पण तिच्या काठावर आमच्या बायकांनी पाय ठेवायचा नाही असा दंडक होता. खाली घागर मांडून ताटकळायचं आणि वरून कुणाच्या मनात येईल तेव्हा तो ओतेल ते घ्यायचं. दीक्षा घेतल्यानंतर वस्तीनं ठरवलं की आता कुणाच्या ओतण्यावर जगायचं नाही. दिवसा दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि उरलेल्या वेळात खणायचं. वरचा मुरूम सहज निघाला, खाली काळा दगड लागला तेव्हा मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आले. तरी पाणी लागलं. आत्या तेव्हा तान्ही होती. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी तिच्या जिभेवर त्या पाण्याचा थेंब ठेवला, हे ती भेटेल त्याला सांगायची.

याच विहिरीवर मी लहानपणी पहिल्यांदा टेप घेऊन आलेला माणूस पाहिला. विहिरीच्या कठड्यावर पिवळ्या रंगाची एक खूण होती. तो त्या खुणेवर टेप टेकवायचा, टोकाला बांधलेलं वजन खाली सोडायचा आणि कान देऊन उभा राहायचा. डुबुक असा आवाज आला की वाचून लिहून घ्यायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. आमची विहीर निरीक्षण विहीर म्हणून निवडली गेली होती. म्हणजे दर हंगामात तिचीच पातळी मोजायची आणि तिच्यावरून आसपासच्या जमिनीखाली पाणी किती आहे याचा अंदाज बांधायचा. नियम एकच, आणि तो फार कडक होता. विहीर बदलायची नाही, खूण बदलायची नाही. विहीर बदलली तर मागच्या वर्षांशी तुलना होत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. जमिनीच्या पोटातलं कुणालाच दिसत नाही आणि याला नुसता कान देऊन कळतं, हे मला फार मोठं वाटायचं. पुढे मी भूशास्त्र घेतलं ते याच वेडापायी. शिक्षण झालं, आणि एका सर्वेक्षणाच्या कामावर कंत्राटी म्हणून लागले. माझ्या वाट्याला जी गावं आली त्यांत आत्याचं गाव होतं. पहिल्यांदा टेप घेऊन गेले तेव्हा आत्यानं सगळी वस्ती गोळा केली. "माझी भाची हिरीची डाक्टर झाली," म्हणाली. मी लाजले, पण सुखावलेही. आता आठवलं की मलाच माझी चीड येते.

कारण डॉक्टर झाले तेव्हा रोगी हाताबाहेर गेला होता. वरच्या अंगाला मोसंबीच्या बागा वाढल्या होत्या. बागेगणिक एक बोअर, मग दोन, मग बोअरचं पाणी साठवायला शेततळी. शेततळं ही पावसाचं वाहतं पाणी धरायची चांगली युक्ती आहे. आमच्याकडे मात्र ती बोअरनं भरतात. जमिनीखालचं गार पाणी उपसून वर आणायचं आणि प्लास्टिकवर ठेवून उन्हाला वाळत घालायचं. गावचा पाझर तलाव गाळानं भरलेला, दिवाळीनंतर त्यात पोरं क्रिकेट खेळायची. खाली वस्तीच्या विहिरीला येणाऱ्या झऱ्यांची वाट वरच्या वरच तुटली. मी आकडे घेऊन, नकाशे काढून हे सगळं दाखवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा मागवला.

शेवटी वस्तीला टँकर सुरू झाला. टँकरवाल्याला थांबायला वेळ नसतो. तो आला, विहिरीत पाइप सोडला, टाकी रिकामी केली आणि गेला. बायकांनी मग विहिरीतून शेंदून घ्यायचं. पण कोरड्या विहिरीच्या अंगाला भेगा असतात. आज ओतलेलं पाणी उद्या सकाळी निम्म्याहून कमी झालेलं असायचं. आत्या म्हणाली, "आमच्या बापानं वरून वतलेलं नको म्हणून हीर खांदली. आन आता त्याच हिरीत वतलेलं पितो आमी. तेबी ऱ्हात नाय." हे बोलताना ती शेळीला पाला टाकत होती आणि तिचा आवाजही चढला नव्हता. मला मात्र तिथं उभं राहवेना.

वस्तीनं त्यावर तोडगा काढला. एका बागायतदाराचं जुनं शेततळं मोडीत निघालं होतं. त्याची जाड काळी प्लास्टिकची पन्नी वस्तीतल्या माणसांनी मागून आणली. विहिरीत उतरून तळ झाडला, टोकदार दगड वेचले, खाली वाळू आणि फाटक्या गोधड्या अंथरल्या, त्यावर पन्नी बसवली आणि वरच्या कडा दोरांनी ताणून खुंट्यांना बांधल्या. फाटलेल्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. आता टँकर ओतून गेला की पाणी विहिरीत राहायला लागलं. काटकसर करून वापरलं तर शिल्लकही पडू लागली. मी गेले तेव्हा आत्यानं मला हाताला धरून कठड्याशी नेलं.

"बघ. लोट्यानं घे नायतर घागरीनं घे. ऱ्हातंय का नाय?"

"राहतंय की."

"मंग? आता मरंपत्तोर मी हितून हालत नाय."

त्याआधी मी तिच्या मागे लागले होते की चल माझ्याकडे, फ्लॅट आहे, नळ आहे, लिफ्ट आहे. पन्नी बसली आणि तो विषय तिच्या बाजूनं मिटला. मला बरंच वाटलं. तिला तिथून उपटून शहरात आणणं माझ्याही जिवावर आलं होतं. विहिरीत पाणी असलं की आत्या वस्तीत राहणार, नसलं की नाही, इतकं ते सरळ होतं.

पण कठड्यावरची पिवळी खूण जिथल्या तिथं होती, आणि नियमानं मला तिथूनच टेप सोडायचा होता. मी सोडला. डुबुक. मागच्या वर्षीपेक्षा पाणी कितीतरी वर. ते पाणी जमिनीतलं नव्हतंच. दूरच्या कुठल्यातरी धरणातून टँकरनं आलेलं आणि पन्नीवर साचलेलं होतं. विहीर आता विहीर राहिली नव्हती, ती टाकी झाली होती. मी तसा शेरा लिहिला आणि ऑफिसात आल्यावर आमच्या साहेबांना तोंडीही सांगितलं. "ही विहीर यादीतून काढू या सर. हिच्यावरून काही कळणार नाही."

"विहीर काढता येत नाही," साहेब म्हणाले. "इतक्या वर्षांची मालिका तुटते."

"पण ते पाणी टँकरचं आहे."

"आपण पाणी कुणाचं आहे ते मोजत नाही. पातळी मोजतो."

मी शेऱ्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, संगणकात शेऱ्याला रकाना नाही. मी पुन्हा गेले, तिसऱ्यांदा गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फार समजूतदारपणे म्हणाले, "तुमची आत्या राहते ना तिथं? माणसाला आपल्या लोकांचा कळवळा असतो, मी समजू शकतो. पण विज्ञानात कळवळा चालत नाही." आपल्या लोकांचा, हे शब्द त्यांनी जरा हळू उच्चारले. मला काय म्हणायचंय ते कळलं ना, असं विचारल्यासारखे. मला कळलं होतं. शाळेपासून कळत आलंय. मी "ठीक आहे सर" म्हणून बाहेर आले, कारण कंत्राट वर्षाचं असतं आणि ते वाढवायची सही त्यांची असते.

पक्षपात नको म्हणून पुढच्या वेळी त्या गावाला दुसऱ्या सहकाऱ्याला पाठवलं. मुलगा प्रामाणिक होता. पिवळ्या खुणेवर टेप टेकवला, वजन सोडलं, कान दिला, बरोबर माप आणलं. टँकर नुकताच येऊन गेलेला, त्यामुळं माझ्यापेक्षाही वरची पातळी आली. दोन वेगवेगळ्या माणसांच्या मापांत वाढच दिसली म्हणून साहेब खूश झाले. तालुक्याच्या अहवालात आमच्या गावाच्या नावापुढे भूजल पातळीत लक्षणीय वाढ असं छापून आलं. आणि ऐन उन्हाळ्यात, लक्षणीय वाढ झालेल्या गावाला टँकर कशाला, म्हणून टँकर बंद झाला.

वस्तीतल्या बाया तालुक्याच्या कचेरीत आल्या. आत्या सगळ्यांच्या पुढे. योगायोग असा की त्या दिवशी टंचाईची बैठक होती आणि साहेबांबरोबर मीही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते. आत्यानं मला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. माझी नोकरी अडचणीत येईल असं तिला वाटलं असणार. तिनं समोरच्या अधिकाऱ्याला सांगितलं, "सायेब, हिरीत वतलेलं पानी हाय. हिरीचं नाय." अधिकाऱ्यांना काही बोध होईना. त्यांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं आणि साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "या मॅडम त्यांच्यापैकीच आहेत, त्या समजावतील."

मी समजावलं. उभं राहून, सगळ्यांसमोर, पन्नीचं, टँकरचं, पातळीचं, सगळं. एक शब्द गाळला नाही. बोलून झाल्यावर मला वाटलं, झालं, आता सुटलं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती शेजारणीला कोपरानं ढोसून माझ्याकडे दाखवत होती.

अधिकाऱ्यांनी समोरच्या अहवालाचं पान उलटलं. मग म्हणाले, "म्हणजे निरीक्षण विहिरीत तुम्ही परवानगी न घेता बदल केला?"

आजोबांच्या पिढीनं स्वतःच्या हातांनी खणलेल्या विहिरीत त्यांच्याच लेकरांनी पन्नी घालायला परवानगी घ्यायला हवी होती. कठड्यावर पिवळी खूण काढली तेव्हा मात्र कुणी कुणाची परवानगी घेतल्याचं वस्तीत कुणाला आठवत नाही. निर्णय असा झाला की पन्नी काढून विहीर पूर्ववत करावी, त्यानंतर रीतसर माप घ्यावं, आणि विहीर कोरडी आढळली तर टँकरचा विचार व्हावा. अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी बायांसाठी प्यायला पाणी मागवलं. ते बाटलीबंद होतं.

म्हणजे पाणी नाही हे सिद्ध करायला होतं ते पाणी घालवायचं होतं. पन्नीवर अजून थोडं शिल्लक होतं. टँकर बंद झाल्यापासून वस्ती ते तोंडातला घास मोजावा तसं पुरवत होती. माप घ्यायला या खेपेला मलाच पाठवलं. आता माझा कळवळा कुणाच्या आड येत नव्हता. मी पोचले तेव्हा सकाळपासून बाया शेंदत होत्या. घागरी, बादल्या, तेलाचे डबे, पातेली, पोरांच्या शाळेच्या बाटल्या, रंगाचे रिकामे ड्रम, जे भरता येईल ते भरलं होतं. एका घरात तर पाळण्यात पातेलं ठेवलं होतं, कारण जमिनीवर जागा उरली नव्हती. मीही ओढणी खोचून रहाटाला हात लावला. दुपारपर्यंत भरण्यासारखं एक भांडं वस्तीत उरलं नाही आणि विहिरीत अजून गुडघाभर पाणी होतं.

ते तसंच राहू देता येत नव्हतं. वस्तीतला एक माणूस विळा घेऊन खाली उतरला. त्यानं वर पाहिलं. मग आत्याच म्हणाली, "काप बाबा. येकदा काप."

त्यानं पन्नीला विळा लावला. पाणी आधी जागचं हललं नाही. मग मधोमध भोवरा धरला आणि बघता बघता काळ्या दगडाच्या भेगांतून ते खाली गेलं. कुठं गेलं हे त्या सगळ्या वस्तीत फक्त मला ठाऊक होतं. उताराच्या दिशेनं, पलीकडच्या मळ्यातल्या बोअरकडे. ते मी कुणाला सांगितलं नाही. फाटकी पन्नी वर ओढून घेतली आणि मी पिवळ्या खुणेवर टेप टेकवून वजन सोडलं. खण्ण असा दगडाचा आवाज आला. वस्तीतल्या लहानसहान पोरांनीही तो ऐकला.

माप पाहून साहेब म्हणाले, "आता कसं व्यवस्थित बसलं मालिकेत."

टँकर पुन्हा सुरू झाला, हे मी नाकारत नाही. पण ओतायला जागा कुठं होती? पाण्याच्या टाकीसाठी अर्ज केला होता, तो वर गेला होता आणि अजून वरच आहे. पन्नी पुन्हा घालायची सोय नव्हती, ताकीद मिळाली होती. म्हणून टँकर आला की त्या उघड्या, भेगाळलेल्या विहिरीतच पाणी ओतायचा आणि वस्ती धावत सुटायची. विहीर पिऊन टाकायच्या आत शेंदून घ्यायचं. ज्यांच्या घरात तरणी माणसं होती त्यांचं भागायचं. आत्याच्या घरात तरणं कोण होतं? तिची एक घागर भरून दारी ठेवून परत येईपर्यंत दुसरीला चिखल लागायचा. शेजारणी द्यायच्या तिला काढून. पण रोज कुणापुढे घागर मांडून उभं राहायचं, आणि तेही याच विहिरीवर, हे तिला सोसेना.

तिनं शेळ्या शेजारणीला देऊन टाकल्या आणि कापडी पिशवी घेऊन माझ्या दारात येऊन उभी राहिली. "आले बाई," म्हणाली. मी तिला इतकी वर्षं बोलावत होते, आणि ती आली तेव्हा मला तोंड वर करून तिच्याकडे बघता येईना. मी नोकरी सोडली नाही. लोक विचारतात, एवढं होऊन तू सोडली कशी नाहीस. सोडून काय खाल्लं असतं? आणि टेप दुसऱ्या कुणी धरला असता, त्यानं काय पाणी लागलं असतं? हे मी लोकांना सांगते. स्वतःला सांगते तेव्हा ते तितकंसं पटत नाही.

इथं नळाला पाणी येण्याचा दिवस असला की आत्या पहाटेपासून उठून बसते. सगळी भांडी भरते, वाट्यासुद्धा. भरायचं नसलं तरी भरते. आमच्या घरात पाय ठेवायला जागा राहत नाही आणि माझी मुलगी कुरकुर करते. मी मुलीला गप्प करते. आत्या कधी मला दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

दर हंगामात मी अजून त्या विहिरीवर जाते. खूण पुन्हा रंगवली आहे, पिवळी झगझगीत. वस्तीतली निम्मी घरं बंद आहेत. मालिका मात्र कुठंही तुटलेली नाही. संध्याकाळी घरी आले की आत्या आधी पाणी देते आणि मग समोर बसते.

"लागला का टेप?"

"लागला."

"कशाला?"

खोटं बोलावं असं दर वेळी मनात येतं. पाण्याला लागला, थोडं आहे, एवढंच म्हणायचं. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटेल. पण मी तिला ओळखते. तसं म्हटलं तर ती उठून पिशवी भरायला लागेल.

"दगडाला," मी सांगते. ती मान हलवते आणि माझा रिकामा पेला उचलून पुन्हा भरून आणते.